काजूच्या तागडीतली दिवाळी

“आज्जा, होडीत बसायचं असतं. होडीला मिठी मारायची नसते,” जुई म्हणाली.

मी मिठी सोडली नाही. माझ्या अंगात नारिंगी लाइफ जॅकेट होतं. ते मी घरातूनच घालून निघालो होतो, कारण वाटेत एक विहीर लागते असं आमच्या मंडळींचं म्हणणं होतं. वाडीतली माणसं अंगणातून वाकून वाकून बघत होती. एका म्हातारीनं तर हात जोडले. तिला मी कुठल्या तरी सरकारी खात्याचा वाटलो असणार, आणि त्यात तिची चूक नव्हती.

मी खरोखरच सरकारी खात्याचा होतो. बार्शीत वजनमापे निरीक्षक. सगळी हयात लोकांच्या तागड्या उलट्या करून बघण्यात गेली. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, आतून पोकळ केलेलं वजन, दांडीवर हळूच टेकवलेलं बोट, हे सगळं मी लांबून ओळखत असे. निवृत्त झाल्यावरही भाजी घ्यायला मला कुणी सोबत नेत नसे. मी गेलो की भाजीवाल्या बायका पाटीवर फडकं टाकायच्या.

आता हा निरीक्षक मालवणच्या बाजूला, खाडी समुद्राला मिळते त्या जागी, एका लहानशा होडीत बसून मासा पकडायला निघाला होता. आमच्या घराण्यात आजवर माशाला कुणी हात लावलेला नव्हता. खाणं सोडाच, आमच्याकडे कुणी मासा विणकामातसुद्धा काढत नसे.

“घाबरू नये साहेबांनी,” वल्हं मारता मारता नाना म्हणाले. “होडीस उलांडी आहे. ती उलटत नाही.”

उलांडी म्हणजे होडीच्या बाजूला बांधलेला लाकडाचा ओंडका. तो पाण्यावर तरंगत बरोबर येतो आणि होडी कलू देत नाही. मी लगेच होडी सोडून उलांडीच्या दांड्याला मिठी मारली.

नाना म्हणजे मोतीराम कुबल, माझे व्याही. माझी भाग्यश्री त्यांच्या उदयला दिलेली. मुंबईच्या गोदीतली नोकरी संपवून ते गावी परतले होते आणि बायको गेल्यापासून एकटेच राहत होते. माझ्याशी ते छापील मराठी बोलत. मीही त्यांच्याशी तसंच बोले. आमच्या दोघांचं बोलणं ऐकून एखाद्याला वाटलं असतं, दोन सत्यनारायण एकमेकांना प्रसाद देतायत. आम्ही आलो त्या दिवशी त्यांनी पडवीत वेगळी चूल मांडून ठेवली होती आणि सगळी भांडी कोरी करकरीत आणली होती. “ह्यांस मासळीचा स्पर्श झालेला नाही,” हे त्यांनी आमच्या मंडळींना इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी तिलाच अवघडल्यासारखं झालं.

मी मात्र त्या घरात पाहुणा म्हणून आलो नव्हतो. मी दिवाळी न्यायला आलो होतो.

नातवंडं पुण्यात. त्यांना सुट्ट्या दोन. मे महिना समुद्रावर जायचा, ते मला मान्य होतं; मे महिन्यात बार्शीला यावं असं शत्रूलाही मी सांगणार नाही. पण गेली काही वर्षं दिवाळीही समुद्रच गिळत होता. आमची मंडळी दरवर्षी करंज्या करी, डबे भरी, मग तेच डबे गल्लीत वाटून टाकी. यंदा मेच्या सुट्टीत इकडं निघताना ती म्हणाली होती, “पोरं मागून घ्या. पण मानानं मागा. मुलाकडचे आहेत ते.”

मानानं मागायचं म्हणजे न मागता मागायचं. मी दोन दिवस तेच करत होतो. आदल्या संध्याकाळी खळ्यात, म्हणजे त्यांच्या सारवलेल्या अंगणात, बसलो असताना मी सहज म्हणालो, “बार्शीला दिवाळीत हवा मोठी छान असते.”

“असणारच,” नाना म्हणाले. “घाटावरची हवा ती.”

“आज्जा, तिथं समुद्र आहे का?” निमिषनं विचारलं. तो सहा वर्षांचा होता आणि सगळे प्रश्न मुळापासून विचारायचा.

“समुद्र नाही. भगवंताचं देऊळ आहे. शेतात भुईमुगाच्या शेंगा आहेत. मी आहे.”

निमिषनं यादी मनात तपासली. “म्हणजे समुद्र नाहीच.”

जुई नऊ वर्षांची. तिला न्याय करायची भारी हौस. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “उद्या नाना आणि आज्जा दोघंही मासे पकडतील. ज्याचा मासा जड, त्याच्याकडे दिवाळी. बस.”

“अगं, आज्जाला कुठं येतंय?” भाग्यश्री स्वयंपाकघरातून ओरडली.

“नाही येत ना?” जुई म्हणाली. “मग कसं करायचं?”

“कोण म्हणतं नाही येत?” असं कुणीतरी म्हणालं. आवाज माझा होता.

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “ठरलं तर. जड त्याची दिवाळी.”

म्हणून मी आता पहाटेच्या गार वाऱ्यात उलांडीला लटकलो होतो.

नानांनी खडकाजवळ होडी थांबवली, नांगर टाकला आणि मला एक गरी दिली. गरी म्हणजे लांब दोरी, तिच्या टोकाला शिशाचा गोळा आणि गळ. त्यांच्या डब्यात आमिषासाठी सोललेली कोळंबी होती. डबा त्यांनी माझ्यापुढं धरला आणि लगेच मागे घेतला.

“क्षमा असावी. मी लावून देतो आपणांस.”

“नको,” मी म्हणालो. “मी माझं आणलंय.”

मी खिशातून पुडी काढली. आमच्या मंडळींनी न्याहारीला दिलेली कडक ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरीचा चुरा पाण्यात भिजवला, तेलकट चटणी मळून घातली आणि गोळी करून गळाला लावली.

नाना बघतच राहिले. “साहेब, मासा शाकाहारी नसतो.”

“त्याला अजून कुणी विचारलं नसेल.”

“आज्जा हरणार,” निमिष म्हणाला आणि नानांच्या बाजूला सरकून बसला. या मुलाला पुढं राजकारणात काही अडचण येणार नाही असं मला तेव्हाच वाटलं होतं.

नानांनी दोरी फिरवून भिरकावली. ती सुळकन जाऊन लांब पडली. मी भिरकावली, ती नानांच्या टोपीवर पडली. नानांनी टोपीतून गळ सोडवला, माझी दोरी खाली पाण्यात सोडली आणि म्हणाले, “आपण सरळच सोडावी. खोल आहे.”

मग काही झालं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. सूर्य वर आला, पाणी चमकायला लागलं, जुईनं गाणी म्हटली, आणि एकदम नानांची दोरी तट्ट ताणली.

“इलो!” नाना ओरडले आणि त्यांची छापील मराठी समुद्रात पडली. “गोबरो आसा! गोबरो! बाय, मागे हो! गे बाय, मागे हो!”

जुई मागे होईना, निमिष खांद्यावर चढायला लागला, होडी हेलकावे खायला लागली आणि मी वेगवेगळ्या देवांना एकाच नवसात गुंतवलं. नाना दोरी सोडत होते, ओढत होते, परत सोडत होते. तोंडाने त्या माशाशी अखंड बोलणं चालू होतं. पाण्यातून काळपट ठिपक्यांचं, मोठ्या जबड्याचं एक धूड वर आलं आणि धप्पकन होडीत पडलं.

“नाना जिंकले! नाना जिंकले!” निमिष नाचायला लागला.

“अजून आज्जाचा बाकी आहे,” जुई म्हणाली. पण हे ती न्यायाधीश म्हणून म्हणाली. तिच्या आवाजात आशा नव्हती.

माझ्या डोळ्यांपुढं गल्लीत वाटलेले करंज्यांचे डबे आले. मी दुसरी गोळी केली. मोठी. चटणी जास्त घातली. पाण्यात सोडली आणि दोरी हाताला गुंडाळून डोळे मिटले.

कुणीतरी माझा हात ओढला.

“निमिष, ओढू नको रे.”

“मी नाही ओढत!”

मी डोळे उघडले. माझा हात होडीबाहेर होता, आणि तो मी नेलेला नव्हता.

“आज्जाला मासा! आज्जाला मासा!” दोन्ही पोरं एकदम किंचाळली.

“धरा! धरा!” नाना उठून उभे राहिले. “सोडू नका! आता सोडा! सोडा म्हणतंय ना! आता ओढ! अरे ओढ मेल्या!” मग त्यांच्या लक्षात आलं. “म्हणजे, ओढावं साहेबांनी!”

मी ओढलं. दोरी हाताला कापत होती. तो मासा होता की होडीचा नांगरच अडकला होता ते मला कळत नव्हतं, पण नांगर असा डावीकडून उजवीकडे पळत नसावा. निमिषनं पक्ष बदलून माझी कंबर धरली होती. जुई “ओढ आज्जा, ओढ आज्जा” म्हणत होडीत उड्या मारत होती. मी, ज्याला नळाच्या पाण्यानं सर्दी होते तो मी, गुडघ्यावर येऊन वाकून समुद्रातून काहीतरी उपसत होतो आणि मोठ्यानं हसत होतो. कशाला हसत होतो माहीत नाही.

मिशा असलेलं एक तोंड पाण्यावर आलं. ते आमच्या तालुक्याच्या मामलेदारासारखं दिसत होतं. त्यानं मला बघितलं, मी त्याला बघितलं, त्यानं मान झटकली, आणि गळ त्याच्या तोंडातून सुटायला लागला.

“गेला!” जुई ओरडली.

तेवढ्यात नानांनी होडीतली बांबूची टोपली उचलली, अर्धं अंग बाहेर झोकून पाण्यात घातली आणि माझा मासा टोपलीसकट आत टाकला. स्वतः भिजून चिंब झाले.

“हात लावू नका! शेंगटी ती! काटो मारता!” त्यांनी कोयतीनं तिचे काटे छाटले, मग धापा टाकत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला वाटलं, स्पर्धा कुणाकुणात आहे ते हा माणूस विसरला. “साहेब, शेंगाचटणीक शेंगटी! जल्मात बघूक नाय असलां!”

परतताना पोरांनी आग्रह धरला म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा मासा हातात घेतला. एका हातात शेंगटी, दुसऱ्या हातात नानांचा गोबरा. दोन्ही साधारण एकाच मापाचे दिसत होते. पण माझा हात नोकरी सोडून आला असला तरी नोकरी हाताला सोडून गेली नव्हती. गोबरा जड होता. फार नाही, पण होता. मी दोन्ही मासे गुपचूप टोपलीत टाकले.

घरी पोचेपर्यंत बातमी पुढं गेली होती. खळ्यात भाग्यश्री आणि उदय उभे होते. पडवीत आमची मंडळी मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिची नजर आधी माझ्या जॅकेटवर गेली, मग खाली, मी सगळा आलोय की नाही ते बघायला.

नानांनी माळ्यावरून तागडी आणली. काजूच्या बिया विकायच्या असतात, त्यासाठी ठेवलेली. दोन पितळी पारडी, लाकडी दांडी, मधोमध धरायला दोर. जुईनं कायदा केला की वजनं नकोत, एका पारड्यात एक मासा, दुसऱ्यात दुसरा.

“तपासावी साहेबांनी,” नाना म्हणाले.

मी तपासली. पारड्यांखालून बोट फिरवलं, दांडीचं टोक बघितलं, पारडी अदलाबदल करून बघितली. उदय तोंडावर हात ठेवून हसत होता. तागडी चोख होती.

“चोख आहे,” मी म्हणालो. चोख तागडीत मी हरणार होतो.

मासे ठेवले गेले. नानांनी दोर धरून तागडी उचलली. दांडी थोडी डुलली, थांबली, आणि मग शेंगटीचं पारडं सावकाश, अगदी ऐटीत, खाली गेलं.

“आज्जा!” जुई किंचाळली. “आज्जा जिंकला!”

पण हे होणं शक्य नव्हतं. माझा हात मला फसवत नाही. मी दांडीकडे बघितलं. दोर धरलेल्या मुठीतून नानांची करंगळी सुटली होती आणि दांडीवर टेकली होती.

माझ्या अंगातून वीज गेली. इतकी वर्षं झाली, पण तो क्षण आला की रक्त असं उसळतं! मी झडप घातली आणि नानांचं मनगट पकडलं.

“थांबा! कुणी हलू नका!”

माझ्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. शेकडो दुकानांत म्हणून झालेलं. आणि तेव्हा कुठं डोक्यानं हाताला गाठलं. करंगळी दांडीवर होती हे खरं. पण ती दांडीच्या कुठल्या बाजूवर होती?

माझ्या.

मी नानांकडे बघितलं. नाना माझ्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ओठ न हलवता ते काहीतरी विनवत होते, आणि ते छापील मराठीत नव्हतं.

“काय झालं आज्जा?” जुईनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “असंच धरा, व्याही. अगदी बरोबर आहे. जड त्याची दिवाळी.”

खोटं वजन मी आयुष्यात एकदाच पास केलं, ते असं.

“बार्शी! बार्शी!” करत पोरं नाचत सुटली आणि आईबापांना ओढत पुन्हा समुद्राकडे पळाली. जाता जाता जुई थांबली. “नाना, तुम्हाला वाईट वाटलं?”

“माका? वाईट ह्या गोबऱ्याक वाटलां असतलां. तू पळ.”

खळ्यात आम्ही दोघं उरलो. नाना विहिरीपाशी बसून मासे साफ करायला लागले. मी वाऱ्याची दिशा बघून जरा बाजूला उभा राहिलो.

“इन्स्पेक्टरसाहेब,” खाली मान घालून ते म्हणाले, “तुमका दिसलां ना?”

“दिसलं.”

“मगे गप कित्याक ऱ्हवलात?”

“दुकानदारानं स्वतःचं नुकसान करून घेतलेलं मी नोकरीत कधी बघितलं नव्हतं. कुठलं कलम लावायचं तेच कळेना.” मी खाली उकिडवा बसलो. “पण का हो? पोरं दर दिवाळीला तुमच्याकडं असतात. तुमच्या घराला तेवढाच आवाज. ती सोडून दिलीत?”

नानांनी बराच वेळ एकाच माशाची खवलं काढली.

“पोरां हंय इली की माका खंय जावक गावणा नाय,” ते म्हणाले. “पोरां थंय गेली तर त्यांका पोचवूक कोणतरी व्हयो. उदयाक दिवाळीत तितकी रजा नसता. त्या निमित्तान मी येतलंय म्हटलंय.”

“कुठं?”

“खंय म्हंजे? तुमच्याकडे. बार्शीक.” आता ते माझ्याकडे बघत नव्हते. “लग्नात इल्लंय, तेवढोच. मगे तुम्ही काय बोलवल्यात नाय. माका वाटलां, तुम्ही शुद्ध खाणारी माणसां, आमच्या अंगाक मासळीचो वास. म्हणान बोलवणत नसतले.”

“अहो, काय बोलताय,” मी म्हणालो. “तुम्ही मुलाचे वडील. तुम्हाला बोलवायचं तर रीतीनं बोलवायला पाहिजे. आणि बोलवून ताटात वाढायचं काय? रोज ताजी मासळी खाणाऱ्या माणसाला दोडक्याची भाजी? आम्हाला वाटायचं, तुम्ही यायचे नाही, आणि उगाच नाही म्हणायची वेळ तुमच्यावर आणायची.”

“दोडको खाऊक माका तोंड नाय?” नाना एकदम चिडून म्हणाले. “बायको गेल्यापासून फराळ मी दुकानातसून हाडतंय. चकली मोडता ती हातोड्यान. आणि तुमच्याकडे करंजे गल्लीत वाटतत, भाग्यश्री सांगता माका!”

आम्ही दोघं विहिरीपाशी समोरासमोर बसलो होतो. दोन म्हातारे, एक ओला, एक नारिंगी.

मागं बांगड्या वाजल्या. पडवीत बसलेल्या माणसाला विहिरीवरचं सगळं ऐकू येतं, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. आमची मंडळी पायऱ्या उतरून आली होती. डोक्यावरून पदर घेतलेला. उजव्या मुठीत सुपातले तांदूळ होते आणि ते लाल दिसत होते. आपल्या पिशवीतलं कुंकू तिनं त्यांना लावलं होतं. ज्या बाईनं आयुष्यात मासळीबाजाराच्या रस्त्यानं पाऊल टाकलं नव्हतं, ती खवल्यांच्या ढिगाऱ्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

“व्याही,” ती म्हणाली, “आमच्या घरी दिवाळीला यायचं. अक्षत घ्या.”

नाना धडपडत उठले. हात पुढं करायला गेले आणि एकदम थांबले. दोन्ही हात पंचाला पुसले, वास घेऊन बघितला, परत पुसले, आणि पाठीमागे लपवले.

“नको, विहीणबाई. हात धुवन येतंय. वास येता हाताक.”

“येऊ द्या की. पुढं करा हात.”

“तुमच्या बोटांक लागतलो.”

“लागू दे,” ती म्हणाली. “मी इथंच उभी आहे.”

नानांनी हात पुढं केला. तिनं त्यांच्या ओल्या तळव्यावर अक्षता ठेवल्या आणि वरून आपल्या हातानं त्यांची मूठ मिटवली. मी व्याही म्हणून दोन शब्द बोलावेत म्हणून खाकरलो, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ते बरंच झालं.

नाना मिटल्या मुठीकडे बघत होते.

“कधी येव?” त्यांनी विचारलं.

“वसुबारसेला या,” ती म्हणाली.

त्यांनी जरा विचार केला.

“आदल्या दिवशी इलंय तर चलात?”